मिस्त्री बोलावण्याआधी : इंदूरमध्ये नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

नळ गळतोय, गीझर लावला की एमसीबी पडतो, बाथरूममागच्या भिंतीला ओल चढलीय आणि शहरात ओळखीचा एकही कारागीर नाही. बदली होऊन किंवा लग्न होऊन इंदूरला आलेल्या बऱ्याच मराठी घरांची सुरुवात अशीच होते. मग वॉचमनने दिलेल्या पहिल्या नंबरवर फोन जातो, माणूस येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “भैया, आप ही देख लो क्या करना है.” घरदुरुस्तीतलं हे सगळ्यात महाग वाक्य. फसवणारे कारागीर असतात, नाही असं नाही. पण बिघडलेल्या कामांपैकी पुष्कळशी बिघडतात ती काम नेमकं काय आहे हेच ठरलेलं नसतं म्हणून. तेव्हा माणूस शोधायच्या आधीची तयारी घरातच करायची.

१. दुखणं आधी ओळखा

बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला ओल असेल तर येणारा मिस्त्री बहुधा टाइल्स फोडायला सांगेल. त्याआधी एक चाचणी करा. हिला चारेक दिवस लागतात, पैसा लागत नाही.

ओलीची कड पेन्सिलीने आखा, शेजारी तारीख लिहा. दोन दिवस ते बाथरूम वापरू नका, पण टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच राहू द्या, म्हणजे पाइप भरलेले राहतील. या दोन दिवसांतही ओल रेघेबाहेर गेली तर दोष पाणी आणणाऱ्या लाइनमध्ये आहे. नाही गेली तर नाहणीच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीच्या, तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि २४ तास थांबा. आता ओल वाढली तर टाइल्सचे सांधे किंवा त्यांच्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तरीही रेघ तिथेच असेल तर बोळा काढून थेट नाहणीत आठ-दहा बादल्या ओता आणि आणखी एक दिवस पाहा. इथे ओल दिसली तर ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. हे तीन दोष म्हणजे तीन वेगळी कामं. पहिल्यात चार टाइल्स निघतात, दुसऱ्यात कधी कधी अख्खी फरशी. कोणतं काम आहे हे माहीत नसताना दर विचारण्यात अर्थ नाही.

ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल, भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल आणि पावसाळा संपून महिने झाले तरी ती हटत नसेल, तर ते पाणी नळाचं नाही. जमिनीतलं पाणी पायातून वर चढतंय, म्हणजे जोत्यावरचा ओलरोधक थर नाही किंवा निकामी झालाय. पेंटर इथे ओलीवरचा खास रंग सुचवेल. तो लावला की ओल आतच कोंडते आणि फूटभर वर जाऊन पोपडे काढते. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या घरांत तर सिमेंटचा गिलावा हाच रोग वाढवतो. तिथे चुन्याचं काम जाणणाराच गाठावा.

तड्यांचं इथलं कारण बहुतेक वेळा पायाखाली असतं. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा तडा दिसला की लगेच पुट्टी भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण, तारीख आणि मधोमध रुंदी लिहून ठेवा. एक पावसाळा जाऊ द्या. खुणा ओलांडल्या नाहीत तर पेंटरचं काम. तडा पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, आरपार असेल किंवा पिलर-बीममध्ये असेल तर मात्र पावसाळ्याची वाट पाहू नका आणि मिस्त्रीला विचारूही नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट नंतरच्या तीन पुताईंपेक्षा स्वस्त पडते.

विजेचं दुखणं कसं पडतंय त्यावरून कळतं. बटण दाबताक्षणी एमसीबी पडला तर शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर जादा भार किंवा ढिला जोड. एमसीबी नाही पण आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) पडतोय, तर कुठेतरी करंट गळतोय, आणि घरगुती अनुभव असा की तो बहुधा गीझरच्या एलिमेंटमधून किंवा ओल्या वायरमधून गळतो. कोणतं उपकरण लावल्यावर, किती वेळाने, हे कागदावर लिहून ठेवलं तर इलेक्ट्रिशियनचा अर्धा तास वाचतो. शिवाय घरातल्यांना काही समजतं हे त्यालाही समजतं.

फ्लश गळतोय का हे पाहायचं असेल तर टाकीत खाण्याचा रंग टाका. अर्ध्या तासात न ओढता भांड्यात रंग उतरला तर सायफनचा वॉशर गेलाय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे वीस लिटर पाणी घालवतो. इंदूरमध्ये हा हिशेब करावाच लागतो, कारण जलूदहून सत्तरएक किलोमीटर चढून येणारं नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत दिवसाआडच येतं.

२. कुणाचं काम, हे ठरवा

“सगळं करतो” म्हणणारा माणूस पडद्याचा रॉड, घड्याळ, दाराची कडी, नळाचा वॉशर यासाठी उत्तम. भिंतीच्या आतलं काहीही त्याच्याकडे देऊ नये. नवीन सर्किट ओढायचं असेल तर वायरमन परमिट किंवा आयटीआय झालेलाच इलेक्ट्रिशियन हवा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असतो, प्लंबरचा एक. कोर्स केला म्हणजे हात बसला असं नव्हे, पण अर्थिंग कशासाठी असतं हे त्याला शिकवावं लागत नाही. गॅसच्या पाइपला आणि रेग्युलेटरला एजन्सीच्या माणसाशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. गळतीचा वास आला तर १९०६ हा आणीबाणीचा नंबर आहे.

३. शब्दांचा घोटाळा

हे वाचून हसू येईल, पण यापायी खरोखर कामं बिघडतात. तुम्ही मराठीत विचार करून हिंदीत बोलता आणि दोन्हीकडे शब्द तेच असून अर्थ वेगळे असतात. मराठीतलं छत म्हणजे खोलीच्या आतलं वरचं अंग. इथल्या कारागिराला “छत का काम है” म्हटलं की तो गच्चीचा दर सांगतो. आतल्या बाजूला “सीलिंग” म्हणा. आपली कुंडी झाडाची, त्याची कुंडी दाराची कडी. आपला कब्जा म्हणजे ताबा, सुताराचा कब्जा म्हणजे बिजागरी. आपली मोरी म्हणजे भांडी घासायची जागा, त्याची मोरी म्हणजे पाणी जायचं भोक किंवा नाली. फरशी म्हटल्यावर तो दगडी लादी समजेल, टाइल हवी असेल तर टाइलच म्हणा.

उलट बाजूचेही काही शब्द कानावर हवेत. छपाई म्हणजे गिलावा, तराई म्हणजे नव्या सिमेंटवर पाणी मारणं, सीलन म्हणजे ओल, रेती म्हणजे वाळू, गिट्टी म्हणजे खडी, पुताई म्हणजे रंगकाम, बेलदार म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा माणूस, मलबा म्हणजे राडारोडा. “तराई आपकी” असं मिस्त्री सहज बोलून जातो. त्याचा अर्थ, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी तुम्ही मारायचं. हे न कळल्यामुळे भुसभुशीत झालेले गिलावे पुष्कळ.

४. माणूस कुठे शोधायचा

सगळ्यात चांगला पत्ता म्हणजे आसपासचं असं घर जिथे तेच काम होऊन एक पावसाळा उलटलाय. नुकतंच झालेलं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांत मराठी घरं दाट आहेत. तिथल्या एखाद्या काकूंना विचारलंत तर कोणता प्लंबर वेळेवर येतो आणि कोणता चहा पिऊन “कल आता हूँ” म्हणतो, दोन्ही कळेल. फक्त एक प्रश्न नक्की विचारा: काम झाल्यावर काही बिघडलं तेव्हा तो परत आला का? चांगलं काम केलं का, या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

दुसरा पत्ता हार्डवेअरचं दुकान. सियागंजचं मोठं दुकान नव्हे, तुमच्या गल्लीतलं. कोणता प्लंबर काय माल नेतो आणि कोण अर्ध्या कामातून पळतो, हे त्या दुकानदाराला ठाऊक असतं. अडचण एवढीच की काही दुकानदार आणि कारागीर यांच्यात कमिशन ठरलेलं असतं. म्हणून माणूस दुकानातून घ्या, माल दुसरीकडून.

ॲपवरून बोलावलेला माणूस पंखा, नळ, एसीची सर्व्हिस अशा तासाभराच्या ठरीव कामांना ठीक. दर आधी दिसतो, पावती मिळते. पण ओलीचा शोध घेणं हे त्याच्या तासात बसत नाही. सकाळी चौकांत उभ्या राहणाऱ्या मजुरांमधून बेलदार मिळतो, खोदकामाला, मलबा उतरवायला. मिस्त्री तिथून घेऊ नये. वाईट माणसं असतात म्हणून नव्हे, संध्याकाळी तो कुठे गेला हे सांगणारं कुणी नसतं म्हणून.

काम कधी काढायचं यालाही महत्त्व आहे. इथल्या बांधकामावरचे बरेच मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाला, म्हणजे आदिवासी भागातल्या जत्रेला, ते गावी जातात आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) होईपर्यंत शहराचं काम तसं सुस्तच असतं. सोयाबीनच्या पेरणीला आणि कापणीला पुन्हा तीच टंचाई. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळत नाही, आणि मिळाला तरी भिंती अजून पावसाळ्याच्या ओल्या असतात. त्यावर मारलेला रंग पुढच्या उन्हाळ्यात सोलून निघतो. वॉटरप्रूफिंग फेब्रुवारी ते मे, रंगकाम भिंत वाळल्यावर, शक्यतो दिवाळीनंतर. सिमेंटचं काम मेच्या उन्हात करावंच लागलं तर पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवावं. पावसाळ्यात फुगलेलं दार ऑगस्टमध्ये रंधून घेऊ नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की तिथून वारा येतो.

५. तो बघायला आला की

बोलण्यापेक्षा हातांकडे पाहा. चांगला इलेक्ट्रिशियन आधी मेन बंद करतो, मग टेस्टर लावतो, मग बोट. चांगला प्लंबर व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारतो. ओलीसाठी आलेला मिस्त्री वरच्या मजल्यावर आणि गच्चीत जाऊन येतो. पाच मिनिटांत खोलीतूनच दर सांगणाऱ्याला नमस्कार करावा.

त्याला विचारायचे प्रश्न तीनच: दोष कुठे आहे असं वाटतं, तसं का वाटतं, आणि फोडल्यावर दुसरंच निघालं तर काय कराल? तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याने असं काम आधी केलेलं असतं. “गारंटी है साहब, दस साल” हे उत्तर नाही. दोन-तीन जणांना दाखवा, पण प्रत्येकाला तोच कागद वाचून दाखवा, नाहीतर तिघं तीन वेगळ्या कामांचे दर देतील आणि तुलना होणारच नाही.

नाव, नंबर, घरचा पत्ता विचारून घ्या आणि ओळखपत्र पाहा. प्रत मागून ठेवायची गरज नाही, पण पत्ता विचारला म्हणून चिडणारा माणूस घरात नकोच.

६. आधी लहान काम

भरवसा मोठ्या कामावर ठेवून पाहायचा नसतो. स्वयंपाकघर फोडायचं असेल त्याआधी त्याच प्लंबरला एक अँगल कॉक बदलायला सांगा. पाहायचं काय? टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळतो का. क्रोमच्या नळाला पाना लावताना मध्ये कापड धरतो का. काम झाल्यावर सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहतो का, जुना कॉक तुमच्या हातात देतो की पिशवीत टाकतो. जुनी पितळी वस्तू भंगारात विकली जाते. ती तुमची आहे, मग द्यायची की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

७. दर कसा ठरवायचा

पद्धती तीन. दिहाडी म्हणजे रोजावर, ठेका म्हणजे अख्ख्या कामाचे ठरलेले पैसे, आणि तिसरी मापावर, म्हणजे चौरस फुटाने किंवा पॉइंटने. आत काय निघेल हे माहीत नसलेलं काम दिहाडीवर द्या, नाहीतर ठेकेदार दिसेल तेवढंच बुजवून जाईल. दिहाडीवर असताना मात्र घरात कुणीतरी हवं. मोजता येणारं काम मापावर द्या. ठेका तेव्हाच, जेव्हा कागदावर सगळं लिहिता येतं.

रंगाच्या मापात हमखास वाद होतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी वजा केली की सुमारे ४००. सीलिंग १२० वेगळं. दार-खिडकी वजा करायची की नाही हे आधी ठरवा. काही पेंटर वजा करत नाहीत, त्याबदल्यात चौकटीच्या कडा फुकट धरतात, आणि तेही चुकीचं नाही. आतला इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ६० चौरस फूट जातो, म्हणजे या भिंतींना सात लिटरच्या आसपास. बारा लिटरचा हिशेब आला तर विचारा. तीनच लिटर म्हणाला तर जास्त काळजी करा, कारण तो पाणी घालणार आहे.

८. सामान तुमचं

मोठा माल स्वतः आणावा, स्क्रू-रावळप्लग-टेप अशा किरकोळ गोष्टी त्याच्यावर सोडाव्यात. विजेच्या सामानाला महाराणी रोड, बाकीच्याला सियागंज. पावतीवर ब्रँड, माप आणि नग लिहून घ्या. बीआयएस केअर या ॲपवर आयएसआय शिक्क्याचा लायसन्स नंबर टाकला की माल खरा आहे का ते दुकानात उभ्या उभ्या कळतं.

वायरचं बंडल ९० मीटरचं. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपियरच्या पॉइंटला अडीच, एसी आणि मोठ्या गीझरला चार. दोन किलोवॉटचा गीझर नऊएक अँपियर ओढतो, त्याला सोळाचा एमसीबी पुरतो. इथेच सगळ्यात धोक्याची चलाखी होते. एमसीबी वारंवार पडतोय म्हणून माणूस सोळाचा काढून बत्तीसचा लावतो. एमसीबी पडायचा थांबतो, तुम्ही खूश. पण एमसीबी वायरला वाचवायला असतो. आता वायर तापेल, भिंतीत तिचं आवरण वितळेल आणि काहीच पडणार नाही. एमसीबी मोठा करायचा असेल तर मागची वायरही मोठी हवी, आणि याला दुसरा पर्याय नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपियरचाच घ्या. शंभर किंवा तीनशेचा माणसाचा जीव वाचवण्यासाठी नसतो.

गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, साध्या पीव्हीसीचा नाही. दोन्हींचं सॉल्व्हंट वेगळं, तेही तपासा, कारण घाईत एकाचं दुसऱ्याला लावलं जातं आणि सांधा सहा महिन्यांनी सुटतो. चिकटवलेल्या सांध्यात लगेच पूर्ण दाबाचं पाणी सोडू नये, एक दिवस द्यावा. म्हणूनच हे काम ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही त्या दिवशी सुरू करायचं आणि आदल्या दिवशी टाकी, हौद, बादल्या भरून ठेवायच्या. बोअरिंगचं पाणी जड असेल तर नळात क्षार बसतात. महागडा सेन्सरचा नळ घेण्यापेक्षा ज्याचे वॉशर गल्लीत मिळतात तो घ्या.

पाण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन एका चरात टाकू देऊ नका, हे लिहूनच ठेवा. दिवसाआडच्या पुरवठ्यात पाइप बराच वेळ रिकामे असतात. त्यांना बारीक भोक असेल तर पाणी थांबल्यावर आतल्या पोकळीकडे बाहेरचं घाण पाणी ओढलं जातं. पाण्याची लाइन नेहमी वरच्या अंगाला आणि दूर.

सिमेंटचं पोतं ५० किलोचं. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. आतल्या गिलाव्याला एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, बाहेरच्याला एकास चार. बारा मिलिमीटर जाडीच्या आतल्या गिलाव्याला शंभर चौरस फुटांमागे पाऊण पोतं आणि पाच घनफूट वाळू असा हिशेब धरा. मसाला थोडाथोडा कालवायला लावा. दुपारच्या जेवणाआधी कालवलेला ढीग जेवणानंतर पाणी घालून “जिवंत” केला जातो. तो भिंतीला चिकटतो, पण पुढे नखाने निघतो.

स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली प्लायवूड घ्यायचं तर ७१० नंबरचं, म्हणजे पाणी सोसणारं, फक्त दमटपणा सोसणारं साधं एमआर नव्हे.

९. कागद आणि पैसे

स्टँप पेपर नको. वहीचं एक पान पुरतं, आणि त्याचा फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर. त्यात काम खोलीनिहाय, माल कुणाचा, दर कोणत्या मापाने, किती दिवस, तराई कुणी करायची, मलबा कोण उचलणार, फोडलेलं पूर्ववत कोण करणार आणि किती महिन्यांत गळलं तर फुकट येणार. फोडलेलं बुजवण्याचा मुद्दा हमखास राहतो. प्लंबर पाइप बदलून जातो, टाइल बसवणं “मेरा काम नहीं”. त्याचं बरोबरच असतं, फक्त तुम्ही विचारलेलं नसतं.

माल तुमचा असेल तर बयाना दहा टक्क्यांपेक्षा जास्त कशाला? मोठं काम तीन टप्प्यांत द्या आणि टप्पा दिवसांनी नव्हे, कामाने मोजा: पाइप टाकून पाण्याची चाचणी झाली, टाइल बसली, तपासणी झाली. शेवटचे दहा-पंधरा टक्के तपासणीपर्यंत हातात ठेवा. पैसे यूपीआयने, “बाथरूम लाइन, दुसरा हप्ता” असं लिहून. ठेकेदाराने बेलदाराला पैसे दिले की नाही हे अधूनमधून विचारा. तो वाद शेवटी तुमच्या दारात येतो, आणि उन्हात राबलेल्या माणसाचे पैसे अडकू नयेत हेही आहेच. चहा-पाण्याचं इंदूरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

मलबा घंटागाडीत चालत नाही आणि रस्त्याकडेला टाकला तर नगर निगम (इथली महापालिका) दंड करतं, मिस्त्रीला नव्हे, घरमालकाला. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट घरगुती घातक कचऱ्यात जातात, सुक्यात नाही. सहा प्रकारची विभागणी या शहरात खरोखर पाळली जाते.

१०. भिंत बंद होण्याआधी

पाइप किंवा वायर टाकून झाली, अजून बुजवलं नाही, हा सगळ्यात मोलाचा क्षण. शेजारी टेप धरून फोटो काढा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पुढे ड्रिल मारताना हाच फोटो उपयोगी पडतो. भिंतीच्या आत वायरचा जोड नको, जोड फक्त डब्यात. पाण्याच्या लाइनीचे सगळे नळ बंद करून टाकी भरून ठेवा, रात्रभर थांबा आणि सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवा.

११. शेवटचे पैसे देण्याआधी

वीज : आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबा, तो पडलाच पाहिजे. दिव्याचं बटण बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच होल्डरला टेस्टर लावून घ्या. पेटला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे, म्हणजे बंद दिवाही झटका देईल. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. काहीच दिसत नसेल तर अर्थिंगची वायर नुसती शोभेला आहे.

गच्ची : पाणी जायची भोकं बंद करून इंचभर पाणी ४८ तास साठवा आणि खालचं सीलिंग पाहा. नंतर भोकं उघडा. पाणी कुठे साचून राहतं तिथे उतार चुकलाय. शंभर फुटांना एक फूट एवढा तरी उतार हवा.

टाइल्स : नाण्याने ठोका. पोकळ आवाज येणाऱ्या टाइलवर खडूची फुली मारा. कोपऱ्यात एखादी असेल तर सोडून द्या, ओळीने निघाल्या तर काढून बसवायला लावा. बाथरूममध्ये गोटी सोडून पाहा, ती नाहणीकडे गेली पाहिजे.

रंग : संध्याकाळी बल्ब भिंतीला चिकटून तिरका धरा. दिवसा न दिसणारे सगळे चढउतार दिसतात. मात्र हे पाहून फार छळू नये. जुन्या भिंतीचा आरसा होत नसतो.

१२. बिघडलंच तर

आधी फोटो-व्हिडिओ आणि वहीच्या पानासह त्यालाच बोलवा. उरलेले पैसे हातात असतील तर बहुतेक माणसं येतात. दुसऱ्याला बोलावून दुरुस्ती करून घेण्याआधी पहिल्याला लेखी मेसेज करून तारीख द्या, नाहीतर “दूसरे ने बिगाड़ा” ऐकावं लागतं आणि ते खोडून काढता येत नाही. रक्कम मोठी असेल आणि तो येतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे देऊन घेतलेली सेवा त्यात येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथे तोंडी ठरलेलं फारसं उपयोगी पडत नाही. यूपीआयच्या नोंदी, मालाच्या पावत्या, भिंत बुजवण्याआधीचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं ते पान लागतं.